खोली सगळ्यांची, फवारा एकाचा

प्लास्टिकचं स्केल मॉडेल जोडायला एक टेबल पुरतं. एअरब्रशने रंगवायला घेतलं की मात्र सगळी खोली त्यात ओढली जाते. नोझलमधून सुटलेल्या रंगाचा काही भाग मॉडेलवर बसतो आणि उरलेला उसळून हवेत जातो. आपल्याकडे वन-बीएचकेमध्ये ही खोली झोपायचीही असते, मुलांच्या अभ्यासाचीही असते आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायचीही. म्हणून या कृतीचा पाया एका नियमावर आहे: खोली सुरक्षित आहे की नाही हे मास्क न लावलेल्या माणसावरून ठरवायचं.

मास्क तुमचं रक्षण करतो, पलंगावर पडलेल्या आजींचं नाही. त्यामुळे क्रम असा ठेवायचा: आधी कमी त्रासाचा रंग निवडायचा, मग हवा बाहेर काढायची सोय करायची आणि मास्क सगळ्यात शेवटी चढवायचा. पहिल्या दोन गोष्टी जमत नसतील तर कितीही महाग मास्क घेतला तरी सामायिक खोलीत एअरब्रश चालवू नये.

उदाहरणासाठी १/७२ प्रमाणातलं मिग-२१ घेऊ. भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये दाखल झालेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेलं हे विमान आपल्याकडच्या अनेक हौशी लोकांच्या टेबलावर असतं. नाकावरची नळी सोडली तर मूळ विमान पंधरा मीटरच्या आतलं, म्हणजे मॉडेल सुमारे २० सेंटीमीटरचं. पुढचे आकडे त्याच हिशेबाने दिले आहेत.

हवेत नेमकं काय जातं

दोन वेगळ्या गोष्टी जातात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिली म्हणजे रंगाचे बारीक थेंब. ते हवेतच सुकतात आणि त्यांची पूड होऊन टेबलावर, पुस्तकांवर, गादीवर बसते. सर्वांत बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. हे कण फिल्टरने अडतात आणि एन९५ मास्कनेही अडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे थिनरची वाफ. ती कापडी फिल्टरमधून आणि एन९५ मधून सरळ आरपार जाते. तिला अडवायला सक्रिय कार्बन लागतो आणि तोही ठरावीक मर्यादेपर्यंतच काम करतो. खात्रीचा मार्ग एकच, ती खिडकीबाहेर घालवणं. म्हणून पाइप न जोडता फिल्टरमधली हवा पुन्हा खोलीतच सोडणारे छोटे बूथ (मॉडेल आत धरून रंगवायच्या, पुढून उघड्या पेट्या) सामायिक खोलीसाठी घेऊ नका. ते टेबल स्वच्छ ठेवतात, हवा नाही.

बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं तरी गाफील राहू नका. हा शेरा रंग हातावर लागला किंवा चुकून पोटात गेला अशा नेहमीच्या वापराचा विचार करून दिलेला असतो. त्याच रंगाचं धुकं करून ते श्वासावाटे घेणं ही वेगळी बाब आहे. चित्रकलेच्या दुकानातले कॅडमियमयुक्त लाल-पिवळे रंग तर एअरब्रशमध्ये घालूच नयेत. त्यांच्यावर तशी सूचनाही छापलेली असते.

साहित्य

- डबल-अ‍ॅक्शन ट्रिगरचा, वर कप असलेला एअरब्रश, ०.३ मिमी नोझल
- टाकी, रेग्युलेटर आणि मॉइश्चर ट्रॅप असलेला छोटा कॉम्प्रेसर
- सुमारे ४० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच तोंडाचा फवारणी बूथ, पॉलिएस्टर फिल्टरसह
- ५ किंवा ६ इंची इनलाइन डक्ट फॅन आणि त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप
- सरकत्या खिडकीत बसेल अशी प्लायची किंवा जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी, पाइपच्या मापाचं भोक पाडलेली
- फोमची चिकटपट्टी आणि अ‍ॅल्युमिनियम टेप
- रबरी हाफ-फेस मास्क, सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज आणि त्यांवर बसणारे कणांचे फिल्टर
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट
- झाकणाची काचेची बरणी, झाकणाचा पत्र्याचा डबा, एअरब्रश साफ करायचं फिल्टरवालं भांडं
- उदबत्ती

१. रंग निवडा

घरातल्या बाकीच्यांना किती त्रास होणार हे इथेच ठरतं. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक, उदाहरणार्थ व्हालेहोचे मॉडेल एअर, ही सामायिक खोलीसाठी पहिली निवड. वास कमी, पेट घ्यायची भीती नाही आणि सफाई बऱ्याच अंशी पाण्याने होते.

तामियाच्या छोट्या काचेच्या बाटल्यांतले रंगही अ‍ॅक्रिलिक म्हणूनच विकले जातात, पण त्यांत आणि त्यांच्या थिनरमध्ये अल्कोहोल असतं. ते वापरायचे तर पाइप खिडकीबाहेर गेलेला हवाच. मिस्टर कलरसारखे लॅकर प्लास्टिकवर सुरेख बसतात, पण त्यांची वाफ तीव्र असते. एकट्याची खोली आणि दणकट वायुवीजन असल्याशिवाय ते उघडू नका. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं एनसी थिनर तर घरात आणूच नका. त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात आणि कशाचं प्रमाण किती हे बाटलीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

२. माणसं आणि वेळ ठरवा

घरात कुणाला दमा आहे का, कुणी गरोदर आहे का, तान्हं बाळ आहे का, हे आधी पाहा. वजनाच्या मानाने लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यामुळे मोठ्यांना चालून जातं तेवढं त्यांना चालेलच असं नाही. असं कुणी असेल तर फक्त पाण्यावरचे रंग वापरा आणि तेही ती व्यक्ती घराबाहेर असताना.

वेळ सकाळची किंवा दुपारची घ्या. फवारणी संपल्यावर खोलीला किमान एक तास रिकामं राहता आलं पाहिजे, म्हणून झोपायच्या आधीची वेळ टाळा. घरच्यांना सुरुवातीची आणि संपायची वेळ सांगा आणि दाराला चिठ्ठी लावा. ही खोली त्यांचीही आहे, तेव्हा वेळ परस्पर ठरवू नका, त्यांना विचारून ठरवा.

३. बूथ, पंखा आणि पाइप बसवा

बूथच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत गेली की धुकं बाहेर पडत नाही. आपल्या बूथचं तोंड ०.४ गुणिले ०.३, म्हणजे ०.१२ चौरस मीटर. त्याला अर्ध्या मीटरने गुणलं की सेकंदाला ०.०६ घनमीटर येतात. तासाचे झाले सुमारे २१६ घनमीटर.

पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मात्र समोर काही अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, पाइप आणि वळणं त्यातला बराच भाग खातात. म्हणून हिशेबाच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या. बाथरूमला लावतात तो साधा एक्झॉस्ट फॅन फिल्टरमागे लावला की दमतो. इनलाइन डक्ट फॅन दाब धरून ठेवतो. मोटर ब्रशवाली नको, कारण ब्रशवर ठिणग्या उडतात आणि इथून वाफ जाणार आहे.

पाइप शक्य तितका आखूड ठेवा, ताणून सरळ करा आणि एकापेक्षा जास्त वळणं देऊ नका. सैल पाइपच्या सुरकुत्यांमध्येही हवा अडते. खिडकीचं सरकतं दार अर्धं उघडून तिथे भोकवाली पट्टी बसवा आणि चारही कडा फोमच्या पट्टीने बंद करा. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पाइपचं बाहेरचं तोंड खाली वळवा.

ते तोंड कुठे उघडतं हे नीट पाहा. जुन्या-नव्या इमारतींत बाथरूमच्या खिडक्या ज्या बंदिस्त डक्टमध्ये उघडतात तिथे पाइप सोडू नका. ती हवा वरखाली सगळ्यांच्या घरात शिरते. शेजाऱ्यांची खिडकी किंवा त्यांच्या कपड्यांच्या दोऱ्याही समोर नकोत.

बाहेर जेवढी हवा जाते तेवढी आत यावी लागते. त्यासाठी खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा. छताचा पंखा बंद करा, त्याच्या वाऱ्याने धुकं बूथबाहेर ओढलं जातं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही, त्यामुळे एसी लावला म्हणजे हवा बदलली असं समजू नका.

४. उदबत्तीने हवेची दिशा पाहा

ही पायरी कधीही गाळू नका आणि ती रंगाची एकही बाटली उघडण्याआधीच करा.

डक्ट फॅन सुरू करा. पेटवलेली उदबत्ती बूथच्या तोंडाच्या मधोमध धरा. धुराची रेघ वर न जाता आडवी होऊन सरळ फिल्टरकडे गेली पाहिजे. आता उदबत्ती चारही कोपऱ्यांत न्या आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा. खालच्या कोपऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा. तिथे धूर घुटमळत असेल किंवा वळून बाहेर येत असेल, तर फिल्टर तुंबलाय किंवा कुठल्या तरी सांध्यातून हवा गळतेय. टेप लावा आणि पुन्हा पाहा.

मग उदबत्ती दाराच्या फटीशी धरा. धूर खोलीच्या आत यायला हवा. तो हॉलकडे जात असेल तर स्वयंपाकघरातली चिमणी किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट तुमच्या पंख्यापेक्षा जोरात ओढतोय. ते बंद करा, नाहीतर तुमची वाफ थेट ओट्याकडे जाईल. शेवटी खिडकीच्या पट्टीच्या कडांवरून उदबत्ती फिरवा, म्हणजे बाहेर टाकलेली हवा फटीतून परत येतेय का ते कळेल.

तपासणी झाली की उदबत्ती पाण्यात बुडवून विझवा आणि खोलीबाहेर ठेवा.

५. खोली मोकळी करा

आता आगीचं बघा. टेबलाजवळ समई, निरांजन, मच्छरची कॉइल, सिगारेट, इस्त्री यांपैकी काहीही नको. देवघर याच खोलीत असेल तर दिवा शांत होईपर्यंत थांबा. शेजारी गॅसगीझर असेल तर तोही बंद.

कपातला रंग काही मिलिलिटरच असतो, त्याने मोठा धोका होत नाही. धोका असतो तो उघड्या बाटलीचा, सांडलेल्या थिनरचा आणि भिजलेल्या फडक्यांचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंश सेल्सियसपासूनच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं. आपल्याकडे खोली बहुधा याहून गरमच असते. त्याची १०० मिलिलिटरची बाटली सांडून वाळली, तर सुमारे दीड घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून टेबलावर फक्त लागेल तेवढंच थिनर छोट्या बाटलीत काढून घ्या. मोठी बाटली झाकण घट्ट लावून दूर ठेवा, उन्हात किंवा गॅसजवळ नाही.

वाळत घातलेले कपडे, पांघरुणं आणि उशा खोलीबाहेर काढा. न हलणाऱ्या गादीवर जुनी चादर टाका. पाण्याची बाटली, चहा आणि खाणं टेबलावर नको. पक्ष्याचा पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या, पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. मासे पाळले असतील तर लक्षात ठेवा की टाकीचा एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. टाकी असलेल्या खोलीत फवारणी न केलेली बरी.

६. कॉम्प्रेसर लावा

कॉम्प्रेसर बूथपासून नळी पोचेल तितका लांब, जमिनीवर जाड रबरी चटईवर ठेवा. त्याने खालच्या मजल्यावर जाणारी थरथर कमी होते. कपाटात कोंडू नका, तापेल. पावसाळ्यात मॉइश्चर ट्रॅपमध्ये पाणी पटकन साचतं. ते मधून मधून काढा, नाहीतर पाण्याचा थेंब रंगात उडून मिगच्या करड्या पंखावर डाग पडेल. काम संपल्यावर टाकीतला दाब सोडा आणि तळाचा स्क्रू उघडून आतलं पाणीही काढा.

७. मास्क चढवा

पाण्यावरच्या रंगाला, पंखा नीट ओढत असेल तर, एन९५ किंवा एफएफपी२ मास्क पुरतो. अल्कोहोल किंवा त्याहून तीव्र थिनर असेल तर सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असे दोन्ही लागतात. शल्यक्रियेचा निळा मास्क किंवा रुमाल इथे उपयोगाचा नाही.

मास्क लावल्यावर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाका आणि हलका श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन काही क्षण तसाच राहायला हवा. मग पुढची झडप झाकून हलकेच श्वास सोडा, कडांमधून हवा निसटता कामा नये. नाकाच्या बाजूने थंड झुळूक जाणवली तर पट्टे पुन्हा ओढा. दाढी असेल तर रबराची कड त्वचेला चिकटत नाही आणि मास्कचा अर्थ उरत नाही.

कार्बन बाहेर पडून असला तरी हवेतलं शोषत राहतो. म्हणून काम झाल्यावर मास्क हवाबंद पिशवीत ठेवा आणि कार्ट्रिज उघडल्याची तारीख मार्करने त्यावर लिहा. आत वास येऊ लागला तर कार्ट्रिज संपलंच समजा. मात्र वासाची वाट पाहत बसू नका, कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला.

८. कमी दाब, जवळून, थोडा रंग

चांगलं तंत्र हासुद्धा सुरक्षिततेचाच भाग आहे, कारण मॉडेलवर बसलेला रंग हवेत जात नाही. रंग साधारण दुधाइतका पातळ करा. मॉडेल एअर बहुधा तसाच चालतो, उन्हाळ्यात थोडं थिनर किंवा रिटार्डर (रंग वाळायचा वेग कमी करणारं द्रावण) लागतं. तामियाच्या रंगाला एकास एक ते एकास दोन थिनर घ्या. दाब १५ ते २० पीएसआय ठेवा. दाब वाढवला की धुकंही वाढतं.

मॉडेल बूथच्या आत धरा, तोंडाबाहेर नाही. एअरब्रश ५ ते ८ सेंटीमीटरवर ठेवा आणि फवारा नेहमी फिल्टरच्या दिशेने जाऊ द्या. मिगचं पोट रंगवताना हात वळवू नका, मॉडेल वळवा. त्यासाठी इंजिनाच्या नळीत एक जाड काडी घट्ट बसवली की ते हवं तसं फिरवता येतं. ट्रिगर दाबून आधी हवा सोडा, मग मागे ओढून रंग. थांबताना आधी रंग बंद करा, मग हवा. थर पातळ ठेवा आणि दोन थरांच्या मध्ये कप झाकून ठेवा. प्रायमर घासायचा असेल तर ओल्या पॉलिशपेपरने घासा, म्हणजे त्याची धूळ उडणार नाही.

९. सफाई मास्क न काढता

अनेक जण रंग संपला की मास्क काढतात. पण सर्वांत जास्त थिनर याच वेळी उडतं. म्हणून पंखा चालू आणि मास्क तोंडावर ठेवूनच सफाई करा, आणि तीही बूथच्या आत.

उरलेला रंग बरणीत ओता. कपात थोडं पाणी किंवा क्लीनर घाला, मऊ ब्रशने कड पुसा आणि ते सफाईच्या भांड्यात फवारा. रंग दिसेनासा होईपर्यंत हे करा. मग हवेची नळी काढा, मागचा नट सैल करा आणि सुई हलक्या हाताने मागे ओढून बाहेर काढा. ती ओल्या फडक्यावर ठेवून जाड बाजूकडून टोकाकडे फिरवत पुसा. उलट्या दिशेने पुसलं तर टोक वाकतं आणि बोटातही शिरतं. नोझल कधीही डोळ्यांकडे किंवा त्वचेकडे रोखू नका. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर टाळा, तो पितळेला लागतो आणि फवारल्यास श्वासालाही. ब्लीचमध्ये तर काहीही मिसळू नका.

१०. पंखा चालू ठेवा

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा मावते. पंखा प्रत्यक्षात तासाला २०० घनमीटर ओढत असेल तर तासात खोलीची हवा सहा वेळा बदलते. प्रत्येक वेळी जुन्यापैकी सुमारे ३७ टक्के शिल्लक राहते, कारण नवी हवा जुनीत मिसळत जाते. या हिशेबाने अर्ध्या तासाने ५ टक्के उरतात आणि तासाने नगण्य. म्हणून पाण्यावरच्या रंगानंतर अर्धा तास आणि अल्कोहोलच्या रंगानंतर पूर्ण तास पंखा चालू ठेवा. मॉडेलही तेवढा वेळ बूथमध्येच वाळू द्या, कारण ओला थर वाफ सोडतच असतो. नंतर टेबल कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

११. उरलेलं कुठे टाकायचं

रंग आणि थिनर बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका. बरणीत रंग खाली बसू द्या, वरचं थिनर पुढच्या सफाईला वापरा. तळाचा गाळ खिडकीबाहेर किंवा गॅलरीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, पूर्ण वाळवा. थिनरने भिजलेली फडकी गोळा करून साठवू नका. तीही बाहेर पसरून वाळवा आणि मगच पत्र्याच्या डब्यात टाका. रंगांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, म्हणून हे सगळं ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळं द्या.

कधी थांबायचं

आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, त्यामुळे त्याचं मत धरू नका. फवारणी चालू असताना घरातल्या कुणाला तरी हॉलमधून दारापर्यंत यायला सांगा आणि वास येतो का ते विचारा. येत असेल तर कप झाका, एअरब्रश खाली ठेवा, पंखा तसाच चालू ठेवा आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा तपासा. डोकं जड झालं, घसा खवखवला किंवा डोळे चुरचुरले तर त्या दिवशीचं काम संपलं. लगेच मोकळ्या हवेत जा.

खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकीच नसेल तर तिथे एअरब्रश चालवू नका. मिग-२१ चं करडं अंग पाण्यावरच्या रंगाने, रुंद मऊ ब्रशने, पातळ थर एकावर एक देऊनही छान होतं. थोडा धीर जास्त लागतो एवढंच. आणि खिडकी असेल, पंखा ओढत असेल, वास दारापर्यंत पोचत नसेल, तर घरच्यांनाही हरकत घ्यायला कारण उरत नाही. मग ही हौस त्याच खोलीत वर्षानुवर्षं करता येते.